अळणी समुद्राकाठी आई

माझ्या नवऱ्याचा, निखिलचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी इकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. "आई गेली," एवढंच म्हणाला. त्याला आता काही आठवडे झाले. सासूबाईंची आठवण आली की माझ्या डोळ्यांपुढे बाल्टिक समुद्राकाठची एक पायवाट येते.

मागच्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे आल्या होत्या. निखिलचं रोस्टोकला काम निघालं, म्हणून आम्हीही सोबत गेलो. तो कामावर गेला आणि आम्ही दोघी शहराबाहेर वार्नेम्युंडला गेलो. तिथून कड्याच्या माथ्यावरून वाट जाते. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. आई मूळच्या हर्णैच्या. निघण्याआधी त्या चपला काढून पाण्यात उतरल्या, बोट बुडवून चाखलं. "अळणी आहे गं तुमचा समुद्र." भरती-ओहोटीही इथे जवळजवळ नसते, यावर तर त्यांचा विश्वासच बसेना. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना मला विचारायला लावलं. ते "गेनाऊ, गेनाऊ" म्हणजे 'बरोबर, बरोबर' म्हणत मान डोलवत राहिले, तेव्हा कुठे आईंना पटलं.

पुढे वाऱ्याने वाकलेल्या झाडांचं रान लागलं. तिथे बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सायली, गाठ परत आलीये. यायच्या आधीच कळलं होतं. पण मी पुन्हा केमो घेणार नाही. मागच्या वेळी मी नुसती पडून होते गं, जगत नव्हते." मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "निखिलला आज मीच सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस."

"आई, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर बस म्हणतेय."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत त्यांनी सांगितलं. निखिल म्हणाला, "आई, इथल्या डॉक्टरांना एकदा दाखवू." त्या नको म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते. म्हटलं, "आईंचं ऐकूया." पुढे बरेच दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मग एका सकाळी म्हणाला, "मी लांबचा ऊरलाउब घेतोय, मोठी रजा. आईबरोबर पुण्याला जातो." शेवटचे महिने त्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर होत्या. मुलाने केलेली पेज पातळ झाली म्हणून त्याला बोलतही होत्या. गेल्या तेव्हा त्यांचा हात निखिलच्या हातात होता.

आई डावखुऱ्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात आल्या आल्या त्यांनी पळ्या-उलथण्यांचा हूक शेगडीच्या डावीकडे हलवला होता. परवा मी तो उजवीकडे घ्यायला निघाले, तर निखिल हळूच म्हणाला, "राहू दे ना." राहू दिला. आता रोज सकाळी पोहे परतताना उलथणं घ्यायला माझा हात कढईवरून पलीकडे जातो, आणि वाफ मनगटाला लागते...