तार काढा

"अबे, मुद्दे की बात बोल! पूरी पोथी लेके बैठ गया."

गावचा पटेल असं बोलला अन् पंचायत भवनातली सारी सभा हासली. माहे बाबा दाराजवळ हात जोडून उभे होते. आमच्या टोलीतले, गावाबाहेरच्या वस्तीतले, लोक दाराजवळच उभे राहतात. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी.

बाबाले एकच गोष्ट सांगायची होती. टोलीतून सडकेवर जायचा रस्ता पटेलानं काटेरी तार ठोकून बंद केला होता. बस. पण आमच्याकडं मोठ्या माणसापुढं सरळ बोलतच नाहीत. आधी हात जोडायचे. मंग, चुकलंमाकलं माफ करजा मालक. मंग, माहा आजा तुमच्या आज्याकडं नांगर धरत होता, तुमच्याच अन्नावर आमी वाढलो. एवढं होईपर्यंत पटेलानं हात हलवला. "बैठ नीचे." बाबा बसले. रस्त्याचं नाव तोंडातच राह्यलं.

मले तवा हासणाऱ्याइचा राग नाही आला. बाबाचाच आला. घरी येऊन म्हटलं, "काहून इतकं लांबण लावता?" ते म्हणाले, "पोरी, एकदम कसं बोलावं मालकाले?"

पावसाळ्यात माह्या वहिनीले कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी आली, पण तारेच्या पल्याड, सडकेवर. ड्रायव्हर तिथूनच ओरडत होता, "जल्दी लाओ!" कुठून आणू? आमी वहिनीले खाटेवर घेतलं अन् धानाच्या बांध्याइमधून, धुऱ्या-धुऱ्यानं, तलावाले फेरा मारून निघालो. चिखलात पाय रुतत होते. खाट कलंडत होती. वहिनी आधी ओरडत होती, मंग गप झाली. सडकेवर पोचायच्या आधीच लेकरू झालं. पोरगा. रडलाच नाही.

बाबा म्हणाले, "मले बोलता नाही आलं, म्हणून गेलं लेकरू." अजूनही तेच म्हणतात. जेवता जेवता मधातच म्हणतात अन् हातातला घास तसाच ठेवतात. काय सांगू त्याइले?

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राह्यली. दाराजवळ नाही, मधोमध. पटेल म्हणाला, "हां बाई, थोडे में बोल."

मी बोलली, "तुमच्या तारेनं आमचा रस्ता बंद आहे. त्याच्यानं माहा भाचा मेला. तार काढा."

पटेल लालेलाल झाला. "ये कोई बोलने का तरीका है? न हाथ जोड़ना, न मालिक कहना! बाप ने कुछ सिखाया नहीं?"

हात्तिच्या! लांब बोललं तं हासता, थोडक्यात बोललं तं झोंबते. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. याले आमचं लांबण कधी खुपलंच नव्हतं. आमचं वाकणं याले पाह्यजेच होतं. वाकून झाल्यावर आमी जे मागणार, तेवढंच नको होतं. म्हणून तो बरोबर तिथंच हात हलवत होता.

बाबा मागून माही ओढणी ओढत होते. "माफी माग, पोरी. माफी माग." मी नाही मागली. तेच पुन्हा बोलली, मोठ्यानं. यावेळी कोणी हासलं नाही. कोणी उठलं बी नाही.

तार अजून तशीच आहे. वहिनीले पुन्हा दिवस गेलेत.

येत्या सभेत मी तेवढंच बोलणार आहो, अन् वर एकच वाक्य. तुमी नाही काढली, तं आमी काढू.