चांदसैली घाटातलं बटण

ममताताईंचा राग जुना होता, गाडी तेवढी नवी. धडगावकडच्या शाळेत त्या शिकवत आणि दर शनिवारी तिघा सहकारी शिक्षकांना घेऊन घाट ओलांडून तळोद्याला घरी येत. गाडी त्यांची, तरी घाट लागला की बाजूला बसलेल्या जगदीश सरांची शिकवणी सुरू होई. आता रेस द्या, आता हॉर्न वाजवा.

ही गाडी घेताना शोरूमवाला म्हणाला होता, "मॅडम, चढावर स्पोर्ट मोडचं बटण दाबा, इंजिनाची ताकद वाढते." त्या शब्दावर त्यांनी बटणवाली गाडी निवडली.

उन्हाळ्यात डोंगरातून रिकाम्या हातानं उतरायचं नाही, हा शिक्षकांचा रिवाज. त्या शनिवारी जगदीश सरांनी डिकीत आमचूरच्या गोण्या कोंबल्या होत्या. घाटमाथ्याआधीच्या उभ्या चढाला गाडी मेटाकुटीला आली.

"बटन दाबा ना ताई. शोभाले ठेयेल शे का?"

त्यांनी दाबलं. इंजिन बोंबलू लागलं, चाकं तशीच रखडली.

"तुम्हना पाय हालका शे," सर म्हणाले. "सोमवारपाईन घाटमा गाडी मी चालाडसू."

मागचे दोघे हसले.

ममताताईंनी गाडी कडेला घेतली आणि सरांना स्टिअरिंगवर बसवलं. सरांनी पाय तळापर्यंत दाबला. आधी बटण लावून, मग बंद करून. गाडी दोन्ही वेळा तशीच सरपटली. बटणानं पाय जरा टेकताच इंजिन ऐकत होतं आणि खालचा गिअर धरून ठेवत होतं, एवढंच. पाय तळाला गेल्यावर ताकद होती तेवढीच होती. शोरूमवाल्यानं उतावळेपणाला ताकद म्हणून विकलं होतं, आणि ती ताकद कमी पडली तर बोल बाईच्या पायाला.

"पेट्रोल खराब व्हई," सर पुटपुटले.

"गोण्या कोन्या शेतस?"

"मन्ह्या. सासरवाडीले धाडान्या शेतस."

"काढा."

"आठे? रस्तावर?"

ममताताईंनी डिकी उघडली आणि एकेक गोणी कठड्याला लावली. शेवटची ओढताना बांगडी फुटली, त्यांनी पाहिलंही नाही.

"बसा गोण्यासजोडे. यष्टी यी मांगून."

सरांना तिथंच सोडून, एसी बंद करून, बटणाला हात न लावता त्या निघाल्या. गाडी चढली. बऱ्याच वेळानं मागच्या सीटवरून दबका आवाज आला, "सोमवारले येऊत का ताई?"

"या. पन गाडी मीच चालाडसू."