ब्रेकर सोडून जोडलेली तार

सौसरच्या शालिकराम मिस्त्रीचा एक नियम होता. गिझर दुरुस्त झाला की नळाचं पहिलं पाणी तो स्वतःच्या हातावर घ्यायचा. तेवीस वर्षांत हा नियम त्यानं एकदाच मोडला, निवृत्त शिक्षिका नलिनीबाईंच्या घरी.

तक्रार साधी होती. गिझर लावला की ब्रेकर पडायचा आणि घरभर अंधार. पाणी तापवणारं एलिमेंट तडकलं होतं, करंट पाण्यात उतरत होता. त्या मापाचं एलिमेंट नागपूरहून आणावं लागणार होतं. डिसेंबरची थंडी. बाईंचे यजमान रघुनाथराव पाठीमागे उभे राहून "आंघोळीचं काय करायचं ते सांग" एवढंच म्हणत होते. शालिकरामनं ब्रेकर सोडून गिझरची तार सरळ मेनला जोडली. ब्रेकर पडायचा थांबला.

"दोन दिवसांत पार्ट घेऊन येतो," असं सांगून तो नळाला हात न लावता निघाला.

मग संत्र्याच्या बागांमधल्या पाण्याच्या मोटारी जळू लागल्या, पार लोधीखेड्याहून दुरुस्तीसाठी फोन सुरू झाले. दोनाचे अकरा दिवस झाले. अकराव्या दिवशी नळ उघडताना नलिनीबाईंना झटका बसला, त्या मागं कोसळल्या आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून गिझर बंद होता.

पाच दिवसांनी तो एलिमेंट घेऊन आला, तेव्हा बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

"चूक माझीच रे, शालिक," त्या म्हणाल्या. "ओल्या हातानं बटन दाबलं असंन."

"असंन काय, दाबलंच," रघुनाथराव पेपराआडून म्हणाले. "चाळीस वर्षांपासून सांगून राहिलो. पण मास्तरीण कोणाचं ऐकन तं शप्पथ!"

शालिकराम न्हाणीघरात गेला. टाकी रिकामी करून त्यानं नटबोल्ट सोडले. जुनं एलिमेंट खारानं पांढरं पडलं होतं, मधोमध बोटभर चीर. त्यानं नवं बसवलं, रबरी वायसर बदलला. राहिली ती तार. पुन्हा ब्रेकरवर घ्यायला चार मिनिटं पुरत होती, आणि नंतर कुणालाच काही कळलं नसतं. चार मिनिटांत त्यानं ती घेतली.

तेवढ्यात नलिनीबाई डाव्या हातात चहाचा कप सांभाळत दारात आल्या. थोडा चहा बशीत सांडला होता.

"काकू, बटनाचं काही नव्हतं," तो म्हणाला. "करंट पाण्यात उतरत होता, तरी मीच ब्रेकर सोडून लाइन दिली होती."

बाहेरच्या खोलीत पेपर खाली आला. "म्हंजे तुले माहीत होतं?"

"होतं, काकाजी."

नलिनीबाई आधी नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं? पाच दिवसांपासून माह्यं डोकं खाऊन राहिले." मग शालिकरामकडे बघितलं. "वापरू नका, एवढा एक फोन तरी करायचा. काऊन नाही केला?"

"फोन केला असता तं तुमी विचारलं असतं, मंग लावून कशाले दिला."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. घे म्हणाल्या नाहीत.

त्यानं टाकी भरून गिझर लावला. ब्रेकर पडला नाही. थोड्या वेळानं नळ सोडून त्यानं पाण्याखाली हात धरला आणि बादली भरेपर्यंत काढला नाही.

"काही नाही आता, काकू. बघा."

नलिनीबाई दारातून पुढं आल्या नाहीत.