शंकरच्या वाटची नवार

"त्याच्या वाटचं काम हा करील," पाटील म्हणाले आणि सालगड्याला पुढे केलं.

मी समोर उभी होते. पेशंट म्हणून आला होता पाटलांचा बारा वर्षांचा मुलगा शंकर. कामाला बसला सालगडी भिवा.

निजामाचं राज्य होतं. जालन्यातल्या एका दवाखान्याची वर्क-रूम माझ्याकडे होती. मन बिघडलेल्या मुलांच्या हाताला काम द्यायचं, हा तिथला उपचार. खाटेची नवार विणणं, टोपल्या, मातीची चित्रं. वस्तू कशी झाली याला महत्त्व नाही. ती करताना मुलाचे हात, डोळे आणि मन एका जागी येतात, ते महत्त्वाचं.

शंकर केदारखेड्याचा. उन्हाळ्यात त्याचा चुलतभाऊ विहिरीत पोहायला शिकत होता. त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक शंकरच्या हातात होतं. ते सुटलं. चुलतभाऊ गेला. तेव्हापासून शंकर बोलत नव्हता. हात मांडीवरून उचलत नव्हता. आई घास भरवायची. दोरी वळण्याचं काम मी त्याच्या यादीतून आधीच खोडलं आणि नवार ठेवली.

"औषध भिवानं प्यालं तर चालेल का?" मी पाटलांना विचारलं.

"औषधाची गोष्ट अलग, सिस्टरबाई. कामाला आमच्या घरी मानसं हायेत. दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई तर साखळीला बांधून ठेवतेत तिथं नेतो."

भिवाने सुंदर नवार विणली. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. कुणाची, ते मी सांगितलं. नोकराची तब्येत उत्तम आहे, असं म्हणून त्या पुढच्या वॉर्डात गेल्या.

भिवाला परत पाठवलं असतं तर पाटलांनी मुलगाही नेला असता. म्हणून भिवाला मी एकच नियम घालून दिला. धाकल्या मालकाने, म्हणजे शंकरने, सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. नियम त्याला लगेच पटला. त्याची सगळी हयात त्याच नियमावर गेली होती.

पण रिकामं बसणं त्याला सोसेना. "धाकले मालक, सांगा की कायतरी. गावात म्हनतील, भिवा जालन्याला झोपा काढाया गेल्ता."

शंकरचे हात मांडीवरच. मी शेजारी दुसऱ्या मुलांना विणायला शिकवत होते, तिकडे मात्र तो पाहायचा.

एका दुपारी भिवाला डुलकी लागली आणि सुताची गुंडी त्याच्या पायाखाली गेली.

"पाय," शंकर म्हणाला.

भिवा दचकून जागा झाला. त्याने पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून बसला. खाली ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग ठिवू का आता?" त्याने बऱ्याच वेळाने विचारलं. शंकरने मान हलवली. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग हुकूम सुरू झाले. हिरवं घे. घट्ट ओढ. तिकडून न्हाई. भिवा सांगितलं तेवढंच करायचा, त्यापुढे काडीभरही नाही. सांगत बसण्यापेक्षा करणं सोपं, हे शंकरच्या ध्यानात आलं आणि एके दिवशी त्याने भिवाच्या हातातलं सूत ओढून घेतलं. त्यानंतर भिवाकडे एकच काम उरलं. ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, पलीकडून ताणून धरायचा.

दिवाळीच्या तोंडावर पाटील आले. दारातूनच त्यांनी मुलाचा आवाज ऐकला. "बराबर. हुकूम सोडतो म्हंजे पोरगं बरं झालं. भिवा, गाडी जुंप."

भिवा ताण्याचं टोक खाली ठेवून गेला. धागे सैल पडले. शंकरचे हात थांबले. मांडीवर परत जायला त्यांना वेळ लागला नसता. टोक मला उचलता आलं असतं. मी उचललं नाही.

"धरा," शंकर वडिलांना म्हणाला.

पाटलांनी मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांनी वाकून टोक धरलं.

"घट्ट. सोडू नका."

"न्हाई सोडत, बाळा," पाटील म्हणाले, आणि धोतर सावरून खाली बसले.

गाडी जुंपून भिवा दाराशी आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून तो तिथेच उभा राहिला.

बैल सोडावे लागले. शंकर आणखी काही आठवडे राहिला आणि आपल्या हाताने जेवून घरी गेला. साखळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून मूल दाखल करून घेताना सोबत कामाला कोण राहणार, हे मी आधी विचारते. नोकर असला तरी चालतो. वडील असले तर बरं.