वरचा बोल्ट आधी

पडेगावात निशाचं घर विचारलं तर लोक आधी व्हॅन सांगतात. पांढरी, तेरा वर्षांची, मागच्या काचेवर पिंपळपान चिकटवलेली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला ती निघते आणि तिघांना डायलिसिससाठी शहरातल्या दवाखान्यात नेते. एक मिटमिट्याचे नानासाहेब, निवृत्त तलाठी, साखरेपायी एक पाय गमावलेले. दुसरी अमृता, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. आणि तिसरा निशाचा नवरा अभय.

अभय मिस्त्री होता. शहागंजच्या मागच्या बोळातल्या एका गॅरेजात बावीस वर्षं त्यानं गिअरबॉक्सचंच काम केलं. गाडी बोळाच्या तोंडाशी आली की आवाजावरूनच तो दुखणं सांगायचा. चार वर्षांपूर्वी त्याचं तोंड सुजायला लागलं, जेवण जाईना, आणि तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. निशा तेव्हा घरी ब्लाउज शिवायची. सुरुवातीचे महिने रिक्षानं काढले. पहाटे पडेगावात रिक्षा मिळायची नाही, मिळाली तर येताना चक्कर आलेल्या नवऱ्याला धरून बसावं लागायचं. शेवटी छत्तिसाव्या वर्षी तिनं स्टिअरिंग हातात घेतलं. अभयनंच शिकवलं, शेजारी बसून, एकदाही आवाज न चढवता. पुढं दवाखान्यातल्या ओळखीनं नानासाहेब आले, मग अमृता आली.

अभयच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. रक्त मशीनमध्ये न्यायचं तर शिरेला जोर हवा, म्हणून डॉक्टरांनी मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडून दिली आहे. तिथं बोटं ठेवली की आत पाणी सळसळत गेल्यासारखं लागतं. ती सळसळ चालू म्हणजे हात चालू. बंद पडली तर मशीनला लावायला जागाच राहत नाही. त्या हातानं पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बावीस वर्षं गिअरबॉक्स छातीवर तोलून धरणाऱ्या माणसाला ते ऐकणं किती जड गेलं, हे निशानं पाहिलं होतं.

त्या आठवड्यात व्हॅनच्या मागच्या बाजूनं घूं असा आवाज यायला लागला. अभयनं दोन दिवस ऐकलं आणि सांगितलं, मागच्या क्राउनचं तेल मेलंय, गिअरबॉक्सचंही त्याच वयाचं असणार, दोन्ही बदलायला पाहिजेत. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याला मिस्त्री लोक क्राउन म्हणतात. अभयचा जुना चेला सुदर्शन आता स्वतःचं गॅरेज चालवतो. त्यानं व्हॅन दोन दिवस ठेवायला सांगितली. रविवारी त्याचं गॅरेज बंद, म्हणून निशाकडं सलग दोन दिवस नव्हतेच. होता तो एक रविवार.

"हे घरी होतं," अभय म्हणाला. "हात तुझे, डोकं माझं."

रविवारी अकरा वाजता अंगणात व्हॅन जॅकनं उचलून चार लोखंडी घोड्यांवर टेकवली. निशानं सलवारीवर अभयचा जुना शर्ट चढवला होता. प्रत्येक घोडी तिनं लाथ मारून पाहिली, गाडीला खांदा लावून हलवून पाहिलं, मगच ती पाठीवर सरकत खाली गेली. सासू कडूबाई ओट्यावर बसून हे सगळं न बोलता बघत होती. अभय खुर्ची टाकून मागच्या चाकापाशी बसला.

"वरचा बोल्ट आधी खोल, मग खालचा," त्यानं सांगितलं. वरच्या भोकातून तेल भरायचं, खालच्यातून उतरवायचं.

क्राउनचं काम झकास झालं. वरचा बोल्ट कुरकुरत सुटला. खालचा सोडल्यावर काळं, जाड तेल ट्रेमध्ये उतरलं आणि कुजलेल्या लसणासारखा वास अंगणभर पसरला. खालच्या बोल्टच्या टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटला होता. अभयनं तो बोटांवर चोळून पाहिला आणि दाते अजून शाबूत असल्याचं सांगितलं. पंप मारून नवं तेल वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं, दोन्ही बोल्ट आवळले. दीड वाजला होता. निशाला स्वतःचंच नवल वाटत होतं.

डायलिसिसच्या आदल्या दिवशी अभयला गळाठा येतो. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात लांबचं, अंगात साचलेलं पाणी तेव्हा सगळ्यात जास्त. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. निशानं त्याला उठवलं नाही. ट्रे पुढं सरकवून ती गिअरबॉक्सखाली गेली. खालचा बोल्ट अगदी नाकासमोर होता. वरचा बोल्ट आधी खोलायचा तो हवा मिळून तेल भरभर उतरावं म्हणून, अशी तिची समजूत. तिला घाई नव्हती. तिनं खालचाच सोडला.

तेल सगळं उतरलं. खालचा बोल्ट पुसून परत लावला आणि मग ती वरच्याला भिडली. तो हललाच नाही. पाना नीट बसवून, पाय चासीला टेकवून तिनं जोर लावला. पाना सटकला आणि तिच्या बोटांची सालटी निघाली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बोल्टचे कोपरेच घासले गेले. तिसऱ्यांदा पाना नुसता गोल फिरला.

आवाजानं अभय जागा झाला. "काय झालं?"

ती गाडीखालून सरकत बाहेर आली. त्यानं वाकून ट्रेमधलं तेल पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"म्हणून वरचा आधी," तो हळू म्हणाला. "वरचा सुटत नसला तर खालच्याला हातच लावायचा नसतो. जुनं का होईना, तेल तर राहतं आत."

आता गिअरबॉक्स रिकामा होता. असा चालवला तर मिटमिट्यापर्यंत जाईपर्यंत आतले दाते जळाले असते. अभयनं सुदर्शनला फोन लावला. तो लग्नाला कन्नडकडं गेला होता, सोमवारी दहाच्या आत येणं शक्य नव्हतं. मशीनची पाळी सकाळी साडेसहाची. तेवढ्यात नानासाहेबांचा फोन आला. उरलेला पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, झोपलं की दम लागतो, उद्या जरा लवकर निघता येईल का, असं ते विचारत होते. निशानं सांगितलं की दम वाढला तर थांबू नका, मुलाला सांगून रात्रीच दवाखान्यात जा. उद्याचं मात्र तिनं हो म्हटलं.

बोल्टवर ठोकून बसवायला एक माप लहान पाना आणि जोराला लोखंडी पाइप पाहिजे होता. पाइप घरामागं होता. ती तो आणायला गेली. फार तर तीन मिनिटं. परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

व्हॅनखालून अभयचे पाय दिसत होते. ती गुडघ्यावर बसली. तो पाठीवर पडला होता. उजव्या हातानं त्यानं पाना बोल्टवर दाबून धरला होता आणि डाव्या हातानं, फिस्टुलाच्या हातानं, सगळं अंग ताणून तो ओढत होता. दंडापासून मनगटापर्यंत शीर दोरखंडासारखी फुगली होती.

"हात काढा," निशा म्हणाली.

"थोडंच राहिलंय. सुटतोय."

"अहो, हात काढा."

त्यानं आणखी एक हिसका दिला. पाना सटकून फरशीवर आदळला. निशानं त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. मनगटाच्या वर, शुक्रवारी सुई टोचली होती तिथं, रक्ताचा बारीक ओघळ आला होता. तिनं शर्टाच्या आतली स्वच्छ बाजू उलटवून त्यावर धरली. फार दाबायचं नाही, हे तिला माहीत होतं. दाबलं तर रक्त थांबेल, पण सळसळही थांबेल.

पाच मिनिटांनी रक्त थांबलं. मग तिनं बोटं ठेवली. काही लागलं नाही. तेलानं बोटं बुळबुळीत झाली होती, सालटी निघालेल्या जागा ठणकत होत्या, तिला आपलीच नाडी लागत होती. अभयनं उजव्या हाताची बोटं ठेवून पाहिली. त्याचीही तेलकट. त्यालाही काही लागेना.

कडूबाई ओट्यावरून उतरली. कपडे धुवायची पावडर आणि पाण्याचा तांब्या आणून तिनं सुनेच्या हातावर ओतला. निशानं हात दोनदा घासले, पदर नव्हता म्हणून सासूच्या लुगड्याला पुसले. मग बोटं न ठेवता तिनं वाकून सरळ कानच नवऱ्याच्या हातावर टेकवला. शेजारी टीव्ही चालू होता. कडूबाईनं भिंतीवरून सांगून तो बंद करवला.

आधी काहीच नाही. मग फार खालून, गवतातून वारा जावा तसा आवाज आला. गेला, पुन्हा आला. निशा तशीच वाकून राहिली. डोकं वर केलं तेव्हा तिनं नुसती होकाराची मान हलवली. कडूबाईनं खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"असं का केलं?" निशानं विचारलं.

अभयनं अंगणातल्या तेलाकडं पाहिलं. "बावीस वर्षं एकबी बोल्ट मला नाय म्हणाला नव्हता," तो म्हणाला. "आज तू खाली पडून झगडायलीस अन् मी खुर्चीत झोपलोय. लई वाईट वाटलं."

"चूक माझी होती. तुम्हाला उठवायला पायजे होतं मी."

"व्हय, उठवायला पायजे होतं."

ती त्याच्यावर अजून चिडलेली होती आणि तो स्वतःवर. मग अभयच बोलला. तेल आत जायला दुसरी वाट आहे, तो म्हणाला. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समध्ये जिथं शिरते तिथली जागा मोकळी केली तर बोटाएवढं भोक मिळतं. अडचण एकच. तिथून तेलाची पातळी दिसत नाही, म्हणून मोजूनच ओतावं लागतं. निघालेल्या तेलाच्या मापावर जायचं नाही, तेरा वर्षांत ते कमीच झालेलं असणार.

मापाचा आकडा त्यानं सांगितला, पण त्याची त्यालाच खात्री वाटेना. हल्ली त्याला नावं आठवत नसत, कधी कधी वार चुकत. त्यानं सुदर्शनला पुन्हा फोन लावला. लग्नाच्या बँडमधून सुदर्शनचा आवाज आला, "एक लिटर तीनशे, दादा. तुम्हीच पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून." अभयनं आकडा तोच सांगितला होता.

केबल सोडायला अर्धा तास लागला. निशा खाली पडून नळीचं टोक भोकात धरून होती. नळीचं दुसरं टोक गाडीच्या बाहेर, कडूबाईच्या हातातल्या नरसाळ्यात. गार तेल नळीतून मुंगीच्या चालीनं उतरत होतं. अभय बाटलीवरच्या खुणा बघत, हात मांडीवर ठेवून, आईला थांब आणि ओत सांगत होता. निशाचे दंड भरून आले, तरी तिनं नळी हलू दिली नाही. सव्वापाचला शेवटची खूण गाठली. केबल लावून, घोड्या काढून तिनं गाडी चालू केली आणि अंगणाच्या बाहेर दर्ग्यापर्यंत नेऊन आणली. अभय खिडकीशी कान देऊन बसला होता. दुसरा गिअर पडताना त्यानं डोळे मिटले. आवाज कमी झाला होता.

सोमवारी ती पाचलाच निघाली. नानासाहेबांना उचलून बसवावं लागलं, पण रात्र निभली होती. दवाखान्यात सिस्टरनं अभयचा हात पाहिला. मनगटाच्या वर जांभळा डाग उमटला होता. हे कशानं झालं, असं तिनं विचारलं. निशानं काही बोलायच्या आत अभयनंच खरं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. सिस्टर त्याला चांगलंच बोलली, डॉक्टरांना बोलावून दाखवलं. मग डाग सोडून जरा वरच्या अंगाला सुई टोचली. मशीन फिरायला लागलं, नळीत लाल रंग चढला.

निशा खाली आली. पार्किंगमध्ये गुडघे टेकून तिनं व्हॅनखाली पाहिलं. गिअरबॉक्स बाहेरून कोरडा होता, जमिनीवर एकही थेंब नव्हता. गाडीचं दार उघडून ती पायरीवर बसली. आदल्या दिवसापासून पोटात धड काही गेलं नव्हतं. तिनं डबा काढला, भाकरीचा एक तुकडा मोडला, आणि तो हातात तसाच धरून तिला झोप लागली.