पातळ होत गेलेली पुस्तकं

गजभिये काकाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होते. आर्वीत बसस्टँडजवळ माझं स्टेशनरीचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाइकाला कागद दिले, शटर अर्धं ओढलं आणि पायरीवरच बसले. रडू आलं नाही. आठवलं ते काउंटरखाली पडून असलेलं, त्यांनी वाचायला दिलेलं पुस्तक. महिनाभर ते विचारत होते, आणि मी 'अर्धं झालं' म्हणत होते. खरं तर उघडलंही नव्हतं...

काकाजी एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. जगात अशी वस्तू नव्हती जिच्यावर त्यांचं मत नव्हतं, आणि ते मागायची गरज पडत नसे. सकाळी अकराच्या सुमारास येऊन स्टुलावर बसले की सुरू. माझा फोन अडकायला लागला म्हणून मी नवा घ्यायला निघाले, तर काकाजी म्हणाले, आधी फोटो पुसून टाक, लोकांच्या लग्नातली जेवणाची ताटं काय जपून ठेवायची! कुकरची रिंग सैल झाली तेव्हा म्हणाले, फेकू नको, बर्फाच्या कप्प्यात ठेव. मी नाक मुरडलं, पण घरी गुपचूप ठेवून पाहिली. शिट्टी झाली. त्यांना मात्र सांगितलं नाही, सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसले असते.

घरी त्यांची पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं होती. कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुलिंबाचा वाळलेला पाला. दर चैत्रात जुना काढायचा, नवा घालायचा. पुस्तक कुणालाही द्यायचे, अट एकच, परत आणताना मत सांगायचं. प्रस्तावना आधी वाचू द्यायचे नाहीत. ती आधी वाचली की मत उसनं येतं म्हणायचे. मला पहिलं पुस्तक दिलं तेव्हा म्हणाले, "आवडलं नाई तं नाई म्हणजो. पण काऊन, ते सांगजो."

ते पहिलं मी खरंच वाचलं. दुसरी चांगली जाडजूड कादंबरी होती. दुकान, स्वयंपाक, सासूबाईंचं दुखणं, यातून वीस पानांच्या पुढे गाडी जाईना. आणि काकाजी तर रोज समोर बसलेले. मग मी फोनवर शोधलं, चार ओळी पाठ केल्या आणि घडाघडा म्हणून दाखवल्या. भाषा ओघवती आहे, शेवट चटका लावतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुस्तक हातात घेऊन मागची पानं उघडली, जरा पाहिलं, मिटलं आणि "बरं" म्हणाले. काऊन, का आवडलं, असं काही विचारलं नाही. मला वाटलं, पान फाटलं का ते पाहत असतील. सुटले बाई, असंही वाटलं.

एकदा सुटल्यावर सवयच लागली. पाच-सहा वर्षं मी त्यांना फोनवरची मतं ऐकवली आणि ते मागची पानं पाहून "बरं" म्हणत राहिले. एवढंच ध्यानात आलं होतं की पुस्तकं पातळ होत चालली आहेत. कादंबरी गेली, कथा आल्या, मग पुस्तिका. मला वाटलं, वयामुळे त्यांनाच जाड पुस्तकं झेपत नसतील. काउंटरखालचं शेवटचं तर चाळीस पानांचंही नव्हतं.

काकाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांच्या घरी, काकूंकडे गेले. त्या कपाट उघडून पाला बदलत होत्या. काकूंना वाचनाचा नाद कधीच नव्हता, पण पाला घालायचं काम त्यांचंच. मी मदतीला बसले तेव्हा त्या सहज सांगू लागल्या. कुणाला पुस्तक द्यायचं झालं की काकाजी शेवटून दहाव्या पानाशी कडुलिंबाची एक कोरडी काडी ठेवत, पाला न झडलेली. तिथवर वाचणाऱ्याच्या हातून तिचा चुरा व्हायचाच.

"पहिलं सोडलं तं तुह्या पुस्तकातली काडी कधी मोडलीच नाई, बाई," काकू म्हणाल्या. "ते म्हणत, बिचारीले येळ नाई भेटत. थोडं पातळ देऊन पाहू, एखादं तं होईनच वाचून."

काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आधी लाज वाटली, मग रागच आला, काकाजींचाच. त्यांनी एकदा तोंडावर म्हणायचं होतं की, लबाड आहेस तू. मी ऐकून घेतलं असतं. सहा वर्षं माझ्यासारखीच्या मापाची पुस्तकं शोधत बसायची काय गरज होती? आणि मग काकूंच्या समोरच मी रडले, फोन आला त्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा शटर अर्धं ओढून ते पुस्तक उघडलं. प्रस्तावना सोडली. दोन वेळा झेरॉक्ससाठी उठावं लागलं, पण पुढे सरकत गेले. शेवटून दहाव्या पानावर काडी होती. अलगद पान उलटलं तरी काडीचा पाला मोडला, काउंटरभर चुरा झाला. पुसावासा वाटला नाही. तशीच शेवटपर्यंत वाचत गेले.

संध्याकाळी पुस्तक घेऊन गेले. काकूंनी ते हातात घेतलं, मागची पानं उघडली आणि त्यात अडकलेल्या काडीच्या चुऱ्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "काकू, मले नाही आवडलं."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. काकाजींची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "काऊन?"

मी चपला काढल्या आणि सांगायला बसले.