बाबा आणि मागची सीट

माझ्या बापाने मला आयुष्यात एकदाही स्वतःच्या होडीत पाय ठेवू दिला नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, आणि मी त्याचे आभार मानायला बसलेय.

नवीन मित्रमैत्रिणींसाठी सांगते. गाव चिंचणी. बाबा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. आमच्या आळीत बायकांनी मासळी निवडायची, सुकवायची, बाजारात भांडून विकायची. होडीवर मात्र चढायचं नाही. का, तर म्हणे दर्या रुसतो.

धाकट्या भावाला शाळेत असतानाच नेलं. तो होडीत ओकला. तरी दुसऱ्या दिवशी परत नेलं.

मी किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी. राग यायचा. खूप.

पुढे शिकले, बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि चाळिशीत अल्ट्रालाइट उडवायला शिकले. म्हणजे एक-दोन माणसं मावतील एवढं हलकं, हौसेचं विमान. आपल्याकडे शेजारीच अणुऊर्जा केंद्र, त्यामुळे गावावरून घिरट्या मारायचा प्रश्नच नव्हता. सुट्टी मिळाली की घाटावरच्या एका क्लबमध्ये पळायचे.

लायसन्स हातात आलं आणि स्वतःच्या विमानाचं खूळ डोक्यात शिरलं.

कंपनीतला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, प्लेन तो ले लोगे, पार्किंग कहाँ करोगे?"

मला शिकवणारे सर पहिल्यापासून सांगत होते, "पहिलं विमान देखणं नको, सवयीचं हवं. ज्यावर शिकलीस तेच घे. हळू उडतं, हळू उतरतं, सुटे भाग मिळतात."

मी ऐकतेय थोडीच!

मला सिंगल सीटर हवं होतं. लालभडक, नवंकोरं. एकटीचं. कुणाला 'बसू का' विचारायला नको, कुणी 'नको' म्हणायला नको.

बाबांना दाखवायला नेलं. खरं तर मिरवायला.

होडी घेताना बघतात तसं त्यांनी सगळं बघितलं. भोवती फेरी मारली. वाकून पोटाखाली नजर टाकली. कुजकी फळी आवाजावरून कळते, म्हणून पंखावर बोटांनी ठोकून पाहिलं.

पंख कापडाचा. ढोलकीसारखा वाजला.

"काका, हात नका लावू!" विकणारा ओरडला.

बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हिच्यात दुसरा मानूस कुठं बसतो?"

"कोनी नाय. एकटीचं हाय."

"आनि मी कुठं बसू?"

इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं.

"तुमी मला बसवलंत कधी, बाबा?"

विकणारा उगाचच इंजिन पुसायला लागला.

बाबांनी परत एकदा त्या एकाच सीटकडे बघितलं. मग म्हणाले, "नाय बसवलं. म्हनून तर इचारतो."

लालभडक कॅन्सल.

सरांनी सुचवलेलं जुनं, विटक्या पिवळ्या रंगाचं, दोन सीटचं विमान बघितलं. पुढे पायलट, मागे एकजण. बाबांची अट एकच, "आदी मालकाला मागं बसव आनि फिरव. किनाऱ्यावर सगल्याच होड्या गुनाच्या." आमच्याकडे होडी अशीच घेतात, मालकाला सोबत घेऊन, पाण्यात नेऊन.

मालक बिचारा निमूट बसला. अख्खी सकाळ फिरवला त्याला. उतरल्यावर स्वतःच म्हणाला, "विकावंसं वाटत नाहीये आता."

घेतलं.

पूजेच्या दिवशी बाबांनी पिशवीतून डबा काढला. माशाचं तेल! होडीला चोपडतात तसं पंखांना चोपडणार होते. सर पार धावपट्टीच्या टोकावरून धावत आले. शेवटी नारळ आणि कुंकवावर भागलं. डबा मात्र आमच्या गाडीत सांडला. तो वास अजून आहे.

परवानग्या, कागदपत्रं, माझे उड्डाणाचे तास, हे सगळं होईपर्यंत बाबांचा दम वाढला होता. मला एकच धाकधूक. हा माणूस माझ्या मागे बसायच्या आधीच जातो की काय.

डॉक्टर म्हणाले, छोटी फेरी चालेल.

बाबांनी चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि मागे बसले. वर गेलो. मी हेडफोनवर विचारलं, "बाबा, बरं हाय ना?"

"तू पुडं बघ."

एवढंच.

उतरलो. इंजिन बंद केलं. सरांनी बाबांचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "उतरा काका."

बाबा हलेनात.

"काका, चक्कर येतेय का?"

"नाय. आमच्यात तांडेल बोलल्याबिगर कोन होडीतून उतरत नाय."

मग माझ्या पाठीवर टकटक केली. "सांग गो."

सर बघतायत, क्लबची पोरं बघतायत, आणि म्हातारा हात मांडीवर ठेवून माझ्या हुकमाची वाट बघत बसलाय.

"उतरा, बाबा," मी कसंबसं म्हणाले.

तेव्हा उतरले.

राग गेला का? बराचसा. थोडा ठेवलाय, सवयीचा आहे. पण त्यांनी उघडपणे, चारचौघांत मला जे दिलं, त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. ते द्यायला त्यांना स्वतःच्या बापजाद्यांची रीत ओलांडावी लागली, हे मला कळतं.

नंतर फार दिवस नाही राहिले. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या सकाळी श्वास ओढत होते. डॉक्टर म्हणत होते, कशासाठी थांबलेत कळत नाही. नजर माझ्यावर.

आई म्हणाली, "बोल गो काय तरी त्यांच्याशी."

मी कानाशी वाकले.

"पोचलो, बाबा. उतरा आता."

नमस्कार, बाबा. मनापासून.